राणीच्या सामानाची यादी

येरवडा, ९ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञेश यास, सप्रेम जयभीम.

फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहिते. तुरुंगाच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. कागदावर नाही ते झालंच नाही, ही सवय आता जायची नाही.

माझ्या कादंबरीची शेवटची वही कर्वेनगरला शेफालीबाईंच्या प्रकाशनात पोचवायला तुला दिली, त्याला बारा दिवस झाले. एलेनॉर राणीला तिच्या नवऱ्याने, इंग्लंडच्या राजाने, पंधरा-सोळा वर्षं कोंडून ठेवलं. वहीला तू तेवढीच शिक्षा ठरवली आहेस का?

शेफालीबाईंनी आधी दिलेला कच्चा मसुदा वाचून कळवलंय, की शेवटचं पान काढा. राणी सुटते तेव्हा पहारेकरी यादी वाचून तिच्या जमा वस्तू परत देतो आणि सही घेतो, असं मी लिहिलंय. आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात येरवड्याचं रजिस्टर कुठून आलं, असं त्या विचारतात. बरोबर असेल. मी दुसऱ्या कुठल्या सुटका पाहिलेल्या नाहीत. पान फाड आणि ३१ तारखेच्या आत वही दे, नाहीतर पुस्तक वर्षभर मागे पडेल. पासष्टीला टेकलेल्या बाईला वर्ष स्वस्त नसतं.

तू रविवारी येणार म्हणून आणलेले पेरू शेजारी वाटले.

लोभ निदान वहीइतका तरी सांभाळ.

तुझी,
आम्रपालीआत्या


वारजे, १४ डिसेंबर २०२४

आदरणीय आत्यास, सविनय जयभीम, वि. वि.

वही सुखरूप आहे. थोडा चहा सांडलाय, पण कव्हरवर.

झालं असं, की मी कर्वेनगरलाच निघालो होतो. वाटेत माझा मित्र केयूर भेटला. त्याला मांडवाच्या खुर्च्या टेम्पोने भोरला टाकायच्या होत्या. म्हटलं, तासाभराचं काम. मग भोरला एकाने धरणाकडे नेलं, तिथे एक माणूस बांबूच्या बासऱ्या करत होता, त्यात तीन दिवस गेले. ते जाऊ दे, बासरीचं वेगळं लिहीन. परतताना कापूरहोळजवळ टायर बसला. केयूर जॅक लावत होता आणि मी यमुनाबाईंच्या चहाच्या टपरीवर बसून तुझं पान फाडायला घेतलं. फाडण्याआधी वाचावं म्हटलं, आणि मोठ्याने वाचलं. तुला माहितीये, मनात वाचलं की माझं लक्ष उडतं. बारावीत दोनदा त्यानेच घात केला.

यमुनाबाईंनी गाळणी तशीच हातात धरली. त्यांचे मालक चार वर्षं आत होते. सुटले तेव्हा घड्याळ आणि पट्टा परत मिळाला, पण पट्टा कमरेला बसेना, इतके वाळले होते. राणीची अंगठी बोटातून निसटते असं तू लिहिलंयस, ते अगदी खरं आहे म्हणाल्या. मग विचारलं, की तिला भेटायला कोण यायचं? मी सगळी वही चाळली. कोणीच नाही. तेव्हा त्या चिडल्याच. म्हणाल्या, लिहिणारीला सांग, इतकी वर्षं आणि एक माणूस येत नाही? असं कसं लिहवलं तिला?

आत्या, पान मी फाडलेलं नाही. रागाव हवं तर. शेफालीबाईंनी पुस्तकांतले राजवाडे वाचले असतील, तुरुंगाचा दरवाजा तू पाहिला आहेस.

माया आहे तशीच राहू दे, कापू नकोस.

तुझा,
प्रज्ञेश


येरवडा, १९ डिसेंबर २०२४

चि. प्रज्ञेश यास, सप्रेम जयभीम.

बासरीचं वेगळं लिहू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कैद्यांना भेटायला मुलाखतीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायांच्या चिठ्ठ्या मीच घेत होते रे, आणि राणीला मात्र एकटी बसवून ठेवली. कोणी येणार नाही हेच मला सवयीने खरं वाटलं असणार. रविवारी दार वाजलं नाही की मी रेडिओ लावते, तसंच.

सोबत दोन नवी पानं आहेत. शेवटच्या पानाच्या आधी लाव. राणीचा एक भाचा तिला भेटायला निघतो, रस्ताभर प्रत्येक जत्रेत रेंगाळतो आणि दोन महिने उशिरा पोचतो. तिच्यासाठी घेतलेली फळं त्याने वाटेत खाल्लेली असतात. तरी राणी खूश होते. हा भाचा इतिहासात नाही, असं शेफालीबाईंना आधीच सांग. प्रस्तावनेत मीही तसं लिहीन. यादीचं पान राहील. त्यांना नको असेल तर वही परत आण, मी रुसणार नाही. थोडी रुसेन.

काळजी घे. स्वेटर घालत जा.

तुझी,
आम्रपालीआत्या


वारजे, २७ डिसेंबर २०२४

आदरणीय आत्यास, सविनय जयभीम.

वही दिली! सरळ गेलो, कुठेही उतरलो नाही, रिक्षावाल्यालाही बोलू दिलं नाही.

शेफालीबाईंनी नवी पानं माझ्यासमोर उभ्या उभ्याच वाचली. मग खुर्ची ओढून यादीचं पान पुन्हा वाचलं. यादी खोटी आहे पण बाई खरी आहे, म्हणून पान राहू दे, असं म्हणाल्या. एप्रिलमध्ये छापायला घेणार. भाच्यावर मात्र त्यांचा आक्षेप आहे. इतका बेजबाबदार माणूस वाचकांना पटणार नाही म्हणे. त्यांनी माझ्याकडे, मग वहीच्या चहाच्या डागाकडे पाहिलं आणि आक्षेप मागे घेतला.

रविवारी अकराला येतो. हे कागदावर लिहितोय, म्हणजे झालंच धर. पेरू घेतलेत, सहा. पोचेन तेव्हा पाच असतील.

दार लोटलेलंच ठेव.

तुझा,
प्रज्ञेश