पाठ फिरवून उभी माणसं

अण्णा, आज मी घोरपडींना समुद्रात पोहताना पाहिलं. हसू नका, खरंच सांगतेय. माझ्या लेकीनं, तुमच्या नातीनं, मला पार दक्षिण अमेरिकेपलीकडच्या बेटांवर आणलंय. राहायचं बोटीवर, जेवायचं बोटीवर, आणि रोज छोट्या होडीनं एकेका बेटावर उतरून जनावरं बघायची. बेटं सगळी ज्वालामुखीची. नात म्हणते, आपल्याकडचा खडकही असाच झालाय, आणि मला उतरल्याबरोबर आपल्या विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखंच वाटलं. इथल्या घोरपडी बुड्या मारून वर येतात आणि नाकातून मीठ शिंकतात. निळ्या पायांचे पक्षी मादीपुढे एकेक पाऊल उचलून नाचतात, तेही इतक्या ऐटीत की मी मोठ्यानं हसले. यातली प्रत्येक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटत होती. एरवी तसं वाटत नाही. तीस वर्षं मी तुमच्यावर रुसलेय, अण्णा. हीच नात जन्मली तेव्हा दवाखान्यात तुम्ही तिच्याकडे पाठ केलीत. मुलगी झाली म्हणून, असं मी धरून चालले.

दुपारी काळ्या वाळूवर सी लायनची एक मादी पडलेली दिसली. तुकतुकीत अंग, पायांच्या जागी वल्ह्यासारखे पंख. झोपलीय म्हणून सगळे फोटो काढायला लागले. मी म्हटलं, झोपली कसली, हिला कळा येतायत. ती उठायची, मागे वळून हुंगायची, परत आडवी व्हायची. गाईड बाईंनी नीट पाहिलं आणि मान डोलावली. झालं! बारा माणसं, बारा कॅमेरे. नियमाप्रमाणे लांबच, पण सगळ्यांचे डोळे तिच्यावर, आणि ती बिचारी कळा आवरून बसली. मला एकदम घोडेगावचा गुरांचा बाजार आठवला. मी दहा वर्षांची, हट्टानं तुमच्याबरोबर टेम्पोत बसून आलेली. भर बाजारात एक म्हैस व्यायला झालीय, माणसं कोंडाळं करून बघतायत आणि तुम्ही ओरडताय, "ए, पाठ करा समदी! बाईमानूस हाय ती. आसं बगत ऱ्हायला तर कळ धरून ठिवंल, पारडू मरंल आतल्या आत." मी हळूच मान वळवली तर डोक्यात टपली. "तू पन! आईनं चाटून हुस्तवर कुनी न्हाई बगायचं. पयला मान तिचा."

मग काय, तुमची लेक पुढे झाली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, सगळ्यांनी पाठ करा. नात कुजबुजली, "आई, काय चाललंय तुझं!" पण मग तिनंच सगळ्यांना नीट समजावलं. गाईड बाई हसल्या आणि सगळ्यांत आधी वळल्या. एकेक करून सगळे वळले. दोन म्हाताऱ्या जर्मन बायका, टोपीवाले नवराबायको, सगळे ओळीनं समुद्राकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे. बराच वेळ नुसत्या लाटा. आणि मग मागून आवाज आला, बारीक, थेट आपल्या करडासारखा. सगळे वळणार तोच मी हात आडवा केला. "अजून नाही. आधी आईला हुंगू दे." अण्णा, थांबले हो सगळे! शेवटी वळलो तेव्हा काळंभोर पिल्लू आईच्या पोटाशी लुचत होतं, आणि त्या जर्मन बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या.

नातीनं विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी," आणि दवाखान्यातली ती सकाळ समोर आली. सिस्टर बाळाला पुसून माझ्याकडे आणतेय. मी अजून त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. दारात ती तुम्हाला म्हणते, "आजोबा, नात झाली, बघा की," आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करता. मी खाटेवरून तुमची पाठ बघते. संध्याकाळी तुम्ही येऊन तिच्या हनुवटीला बोट लावलंत, पण तोवर माझं मन विटलं होतं. पहिला मान माझा होता, अण्णा. तो तुम्ही पाळत होतात, आणि मला ते कळायला आज हे बेट लागलं. इतकं हलकं, इतकं छान वाटतंय की झोपाळ्यावर बसावं तशी मी इथे डेकवर पाय हलवत लिहितेय.

हे पत्र धाडायचं कुठे, ते राहील माझ्याच पर्समध्ये. पण एक कबूल करते. तुम्ही होतात तोवर नुसतं विचारलं असतं तरी तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतंत. मी विचारलं नाही, कारण तुम्ही "व्हय, पोरगी झाली म्हनून" म्हणालात तर, याची मला भीती होती.