पडलेली पापणी

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले आणि आज पोस्टानं तुमचा फोटो आला. दादानं नागपूरहून पाठवलाय, इथल्या भिंतीवर लावायला. म्हणून लिहायला बसले, कारण त्या फोटोत तुम्ही नाही.

स्टुडिओवाल्यानं तुमच्या अंगावर कोट चढवलाय. टायसुद्धा! जन्मभर खडूनं माखलेल्या शर्टात मुलांना ड्रॉइंग शिकवलंत तुम्ही. आणि तुमची ती एका डोळ्यावर कायम पडलेली पापणी उचलून त्यानं दोन्ही डोळे सारखे करून टाकलेत.

इथे एडिसन गावी आमच्याकडे आला होतात, तेव्हा न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये गेलो होतो, आठवतं? साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या स्पॅनिश राजाच्या चित्रासमोरून तुम्ही हलायलाच तयार नव्हतात. मी म्हटलं, "बाबा, ट्रेन मिस होईल."

"थांब ना बेटा," तुम्ही म्हणालात. "मुकुट नाही, सिंहासन नाही, साधे काळे कपडे. नुसता उभा आहे, तरी आपण त्याच्या पायाशी असल्यासारखं वाटतं. आणि जबडा बघ, केवढा पुढे आलाय. डोळे थकलेले. चित्रकार त्याच्याच पदरचा नोकर, पण त्यानं काही झाकलं नाही. म्हणून तर हा राजाही वाटतो आणि माणूसही."

मग जरा लाजत म्हणालात, याच्यासोबत माझा एक फोटो काढ. मी काय सांगितलं? रोल संपत आलाय, नंतर काढू. कसली एवढी घाई होती मला?

आज फोनवर दादाला रागावले, हे बाबा नव्हेतच म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "मग तुझ्याकडचा पाठव. चार महिने तुझ्याकडेच तर होते."

फोटोंची सगळी पाकिटं उपसली. राजे आहेत, राण्या आहेत, त्यांची कुत्रीसुद्धा आहेत. तुम्ही एकाच फोटोत आहात, राजाकडे बघत, माझ्याकडे पाठ करून. व्हिसाच्या कागदांपायी तुमचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही, आणि आता ही पाठ तेवढी उरली. मला हे सहन होत नाही, बाबा.

शेवटी पेन्सिल घेतली. तुम्हीच शिकवलेलं, म्हणून कपाळ जमलं, नाकही जमलं. पापणीपाशी हात थांबला. डावी होती की उजवी? दादाला विचारायची लाज वाटते. तुमची मुलगी मी, आणि मला हे विचारावं लागावं!

कोटातला फोटो मी लावणार नाही. चित्र पुरं करायला बसेन, रोज बसेन. नाहीच आठवलं तर डोळ्यांची जागा कोरी ठेवीन. पण तुमचे डोळे सारखे करणार नाही, एवढा शब्द देते.

घाईत तुम्हाला बघायचं राहून गेलेली,
तुमची सुमी