तारेवरची साडी

आई,

तुझी लोखंडी पेटी आता माझ्याकडे आहे. मावशी अकोल्याचं घर सोडून मुलाकडे पुण्याला राहायला जाणार होती, म्हणून तिनं ती ओळखीच्या एका गाडीतून अमरावतीला पाठवली. फोनवर एवढंच म्हणाली, "तुह्या आईचे कपडे हायेत. माह्यानं फेकवले गेले नाही." तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर बाबांनी अकोल्याचं बिऱ्हाड मोडलं आणि ते मला घेऊन इकडे आले. तुझं जे काही होतं ते तुझ्या धाकट्या बहिणीकडे राहिलं. मी ती पेटी कधी मागितली नाही. आता मी पन्नाशीला आले आहे, तुला कधी गाठताच आलं नाही अशा वयाला. तरीही पेटी दिवाणखान्यात येऊन पडली तेव्हा मी तिच्या कडीला हात लावला नाही. उघडली ती तुझ्या नातीनं.

तुला ती माहीत नाही. माझी एकुलती एक लेक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि जुने कपडे आजच्या कपड्यांत मिसळून घालायचं तिला वेड आहे. इथल्या मुली त्याला व्हिंटेज म्हणतात. तिनं पेटी उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. ती एकेक कपडा उलटा करून सावलीत टांगत गेली, म्हणाली उन्हात घातले तर रंग उडतील, मशीनला लावले तर शिवण उसवेल. तुझी चॉकलेटी बेलबॉटम निघाली, लग्नाआधी शिवलेली. फुग्यांच्या बाह्यांचे दोन ब्लाउज निघाले, मोठ्या ठिपक्यांचा स्कार्फ निघाला. दुसऱ्या दिवशी ती बेलबॉटमवर साधा पांढरा टी-शर्ट आणि पायात बूट घालून कॉलेजला गेली. नंतर तुझा फुग्यांचा ब्लाउज तिनं निळ्या जीन्सवर घातला, आणि मला तो चाळीस वर्षं पेटीत होता असं वाटेना, कालच शिंप्याकडून आणला असं वाटलं. तिचा एक नियम आहे. मला समजावून सांगितला होता, "आई, एका वेळी एकच वस्तू जुनी घालायची. बाकी सगळं आजचं. सगळंच जुनं घातलं तर माणूस नाटकातलं वाटतं."

मला आधी आनंदच झाला. मग एक दिवस मी तिला म्हटलं, ब्लाउज छातीत आणि दंडात चांगला बसलाय, कुठे दिला होतास मापाला? ती म्हणाली, "कुठेच नाही. घातला तसा बसला." बेलबॉटमही तशीच बसली होती, लांबीसकट. शेजारच्या बाईच्या लग्नातला ब्लाउज तिच्या स्वतःच्या लेकीला होत नाही, आणि इथे मधली एक पिढी वगळून टाकाही न घालता. मी हसले, पण भाजी चिरताना दोनदा थांबले.

पेटीच्या तळाशी ती साडी होती.

तुला सांगायला नको कोणती. मोरपंखी नायलॉन, पांढरी मोठी फुलं. मला ती मागून आठवते. तू ओट्याशी उभी आहेस, मी मागून येऊन भज्यांचे तेलकट हात तुझ्या पदराला पुसते, आणि तू मान वळवून म्हणतेस, "हा काय टॉवेल होय? अशी पुन्हा मिळत नाही ही." रागावून म्हणतेस, पण पदर सोडवून घेत नाहीस. त्याच ओट्याशी स्टोव्हला पंप मारताना पदर पेटला. मी शाळेत होते. शेजारचे काका न्यायला आले आणि वाटेत मला बोरं घेऊन दिली, एवढंच मला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी मला डबा देताना तू हीच साडी नेसली होतीस, हे मी शपथेवर सांगेन. त्यानंतर बाबांनी घरात नायलॉन येऊ दिलं नाही. मी आजही सुतीच नेसते. आणि जळून गेलेली साडी माझ्या लेकीच्या हातात अख्खी होती, घडीच्या रेघांसकट.

मी तिला सांगितलं, ही नको. का, ते सांगितलं नाही. आपली आजी भाजून गेली एवढं तिला ठाऊक होतं, काय नेसून ते कधी बोलले नव्हते. ती म्हणाली, "हीच तर सगळ्यात भारी आहे." तिनं ती साध्या पाण्यातून काढली आणि गॅलरीतल्या तारेवर टाकली. मे महिना, अमरावतीचं ऊन, बादलीतून तारेपर्यंत नेईस्तोवर नायलॉन वाळतं. संध्याकाळी मी कपडे काढायला गेले तर साडी ओली होती. वाटलं, कूलरची हवा लागली असेल. सकाळी मी ती वर गच्चीत टाकली. दुपारी वरचा भाग कोरडा होता आणि खालचा काठ ओला, हाताला गार लागत होता. खालच्या फरशीवर मात्र एक थेंब नव्हता. मी लेकीला दाखवलं. तिनं काठ चाचपला आणि खांदे उडवले.

मावशी निघायच्या आधी आम्ही दोघी तिला भेटायला अकोल्याला जाणार होतो. त्या दिवशी सकाळी लेक खोलीतून बाहेर आली ती ती साडी नेसून. फुग्यांचा ब्लाउज, मोठ्या ठिपक्यांचा स्कार्फ केसांना. तिचा तो एकाच जुन्या वस्तूचा नियम तिनं मोडला होता. "मावशीआजीला गंमत," म्हणाली. मी निऱ्यांकडे बघत राहिले. त्या उलट्या बाजूनं घातल्या होत्या, डावखुऱ्या बाईसारख्या. तू डावखुरी होतीस. ती नाही.

"व्हिडिओत पाहून नेसलीस?" मी विचारलं.

"नाही गं. हात असाच गेला."

तेव्हा मी तिला थांबवायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. बस मूर्तिजापूरपर्यंत नुसती भाजत होती. सगळ्यांचे कपडे पाठीला चिकटलेले, आणि ती खिडकीशी आरामात बसलेली. मी विचारलं, नायलॉन आहे, उकडत नाही का? म्हणाली, "उलट गार वाटतंय. बरंच आहे या उन्हात."

मावशीच्या घरी सामान बांधून झालं होतं. दार तिनंच उघडलं. मी बाजूला होते, समोर लेक. मला वाटलं होतं मावशी दचकेल, किंवा रडेल. तिनं तसं काही केलं नाही. रोजच्या आवाजात, जिना चढून आलेल्या घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "आलीस काय? अन् ओलीच नेसून आलीस?"

लेक हसली. मावशीला मग मी दिसले. तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला आणि चेहऱ्यावरचा रंग गेला. आम्ही तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. पेला खाली ठेवून ती म्हणाली, "पेटीत ही साडी हाय हे मी तुले सांगाले पाह्यजे होतं. पन फोनवर तोंड उघडेना."

मी म्हटलं, "मावशी, ही तर जळली होती."

"ते जळली ते माही."

मग तिनं सांगितलं. तेव्हा ती तुझ्याकडे राहून कॉलेज शिकत होती, ते मला आठवत होतंच. दोघींनी एकदाच जाऊन एकाच ताग्यातल्या दोन साड्या घेतल्या होत्या. बाबाही त्या ओळखू शकत नव्हते. त्या दिवशी मला शाळेत सोडून आल्यावर तुझ्या साडीवर काही सांडलं. "मी म्हटलं, आन, धुऊन टाकतो. तिची धुतली, तारेवर टाकली. ते म्हने, तोवर तुही दे, मी नेसतो, सैपाक व्हायचा हाय. मी आंगनातच होतो. तिच्या साडीचं पानी निथळून राह्यलं होतं माह्या पायावर, अन् आतून आवाज आला."

खोलीत पंखा फिरत होता. लेक तिच्या पायाशी बसली होती, ओचा सावरून.

"तिले नेलं, आनलं, सारं झालं," मावशी म्हणाली. "साडी तारेवरच. कोनाचं ध्यान नाही. दिवस झाले तरी तारेवरच. मी सकाळी उठून पाहो तं ओली. नायलॉन हाय, घडीत वाळते ना? हे वाळेच ना. मी कोनाले म्हनलं नाही, लोक म्हनतीन पोरीचं डोकं फिरलं. शेवटी तशीच ओली काहाडली अन् पेटीत घातली. इतके वर्ष उघडूनही पाह्यली नाही."

तिनं वाकून लेकीच्या पायाशी निऱ्यांना हात लावला. लेक म्हणाली, "घाम असेल गं मावशीआजी." मावशीनं माझा हात धरून तिथे नेला. आई, निऱ्यांच्या आत साडी ओली होती. घामासारखी कोमट नाही, आत्ताच पाण्यातून पिळून काढावी तशी गार. लेकीनंही हात घातला, आणि आम्हा तिघींचे हात काही क्षण तिथेच एकमेकींवर होते. कुणीच काढला नाही. मग मावशी रडली, मला वाटतं पहिल्यांदाच त्या गोष्टीसाठी. "माही नेसून गेली ते," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. लेक उठली, तिनं पदर पुढे घेतला आणि मावशीचे डोळे पुसले. म्हणाली, "बरं झालं ठेवलीस. आता मी वापरेन."

मी स्वतःशी ठरवून आले होते की परतल्यावर ती साडी कुठेतरी देऊन टाकायची, आणि तिथे बसल्या बसल्या ते माझ्याकडून निसटलं. तिच्या अंगावरून ती उतरवायचं धैर्य मला नव्हतं, आणि खरं म्हणजे इच्छाही उरली नव्हती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला टेकून झोपली. ऊन उतरणीला लागलं होतं, काळी नांगरलेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती. झोपेत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. स्कार्फखालून खोबरेल तेलाचा वास आला. ती तेल लावत नाही. मूर्तिजापूरला एक बाई चढली, आमच्या बाकाच्या कडेला टेकली आणि थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. जुनी साडी पाहून असेल.

"लेक होय काय तुमची?"

मी "हो" म्हटलं. ती म्हणाली, "झोपू द्या, दमली असन." मी मान हलवली आणि तिच्या कपाळावर आलेले केस मागे केले.

हे मी इथे लिहिते आहे, कारण तुझ्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही आणि तुलाही कळवायची सोय नाही. लेकीला हा कागद दाखवणार नाही. अर्धवट झोपेत तिनं माझं बोलणं ऐकलं होतं. तिला वाटतं मी तिच्याबद्दल हो म्हटलं, आणि नंतर तिनं विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं. पण त्या वेळी, बसमध्ये, मी पन्नाशीची आणि खांद्यावर झोपलेली ती बाई माझ्या निम्म्या वयाची, तेव्हा मी तुला माझी लेक म्हटलं होतं.