मुखपृष्ठावरची तलवार

तीर्थरूप मावशीस,

पायांवर डोकं ठेवते. डोकं सध्या फार तापलेलं आहे, तेव्हा पाय जपून. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाब, झोप, डावा गुडघा? (गुडघ्याची चौकशी निव्वळ मायेपोटी आहे. तिचा कुठल्याही जिन्याशी संबंध जोडू नकोस.) आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आणि मला त्याचाच राग येतो, कारण या घरात माझ्याखेरीज कोणाचंही रक्त म्हणून उसळत नाही.

विषय पुस्तकाचा आहे. माझ्या कादंबऱ्या तू वाचत नाहीस हे मला माहीत आहे (पहिला भाग तू खिडकी आपटू नये म्हणून फटीत लावला आहेस, तेही माहीत आहे), म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या नायकाचं नाव हाकाऱ्या. त्याच्याकडे शस्त्र नाही. तो हाक मारतो आणि त्याच्या वतीने लढायला कोणीतरी येतं. डोंगरातून दगडी रेडा येतो, ढगातून तीन डोळ्यांची घार येते, तळ्याच्या तळातून एक म्हातारी येते, ती शत्रूला मांडीवर घेऊन थोपटते आणि तो पुन्हा उठत नाही. नियम एकच आहे. बोलावलं की हाकाऱ्याने लढाई शेवटपर्यंत पाहायची. त्याने डोळे मिटले किंवा तोंड फिरवलं, की आलेला जागच्या जागी विरून जातो. रेड्याचं शिंग मोडतं, घारीचा डोळा जातो, तेही पाहायचं. लोकांना वाटतं हा नुसता उभा आहे. नुसतं उभं राहून पाहणं म्हणजे काय असतं, हे इतकी वर्षं इस्पितळात मेट्रन म्हणून काढलेल्या बाईला मी काय सांगणार!

तर या चौथ्या आणि शेवटच्या भागाचं मुखपृष्ठ, मी शेवटची लढाई लिहून संपवण्याआधीच, छापून आलं. त्यावर हाकाऱ्याच्या हातात तलवार आहे. तलवार कसली, दाराची फळी! दंड असे की त्याला सदरा बेतणारा शिंपी रडेल. मी संपादकांना फोन केला. ते अगदी थंडपणे म्हणाले, "बाई, चित्रकाराला तसं सुचलं. आता गठ्ठे येऊन पडलेत. तुम्हीच शेवटी एक तलवार घाला की, काय बिघडतं? आणि राग मानू नका, पण हा तुमचा नायक आहे की मुकादम? दुसऱ्यांना राबवायचं आणि आपण टेकडीवर उभं राहायचं!" यावर मी अत्यंत बाणेदारपणे "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. सोमवारी सकाळी तलवारीचं प्रकरण हातात पडलं नाही, तर ते दुसऱ्याकडून लिहून घेणार आहेत. त्यांच्याकडे राशिभविष्य लिहिणारे एक गृहस्थ आहेत, ते लढायाही लिहितात म्हणे. वर नाव माझंच राहणार!

तरीही मी निःपक्षपातीपणे विचार केला. (तुला माझी खोड माहीत आहे.) संपादकांचं बरोबर असेल तर? म्हणून लढाई घरातच मांडून पाहिली. यांना पाठीवर गोधडी टाकून रेडा केलं, सासऱ्यांना छत्री देऊन सेनापती केलं, आणि हाकाऱ्या म्हणून मी स्टुलावर उभी राहिले. रेडा डुरकायचं सोडून खाली पडलेला चष्मा शोधत बसला. सासरे मरेनात. "मी का मरू?" म्हणे. "तुझा नायक नुसता स्टुलावर उभा आहे, मला कोणी हातही लावलेला नाही." एवढ्यात खालच्या मजल्यावरची बाई तणतणत वर आली. त्यांच्या दिव्याची काच पडली होती. मी तिच्याशी बोलायला रेड्याला पाठवलं. हे गोधडीसकट गेले.

बरं, संपादकांशी भांडायलाही मी यांनाच पाठवलं. विम्याची कामं करतात, रोज अनोळखी माणसांशी बोलतात, म्हटलं जमेल. तर हे काखेत मुखपृष्ठ मारून परत आले. "चित्र बाकी फक्कड आहे गं! हॉलमध्ये लावू या?" मग नणंदेला पाठवलं. ती वकिलाच्या कचेरीत असते, शिवाय आमच्या लग्नापासून माझ्याशी तावातावाने भांडतेय, म्हणजे सराव आहे. ती आली ती लाजत. "वहिनी, किती भला माणूस! मला विणकामावर पुस्तक लिहा म्हणाले." मावशी, हाकाऱ्याचा रेडा कधी शत्रूच्या घरी चहा पिऊन आलेला नाही!

त्या दिवशी दैनंदिनीत लिहिलं: राग अनावर. खाली स्वतःलाच विचारलं: मग तू स्वतः का गेली नाहीस? ते खोडलं. खोडणं अप्रामाणिक वाटलं म्हणून पुन्हा लिहिलं. उत्तर अजून लिहिलेलं नाही. पण तलवार मी घालणार नाही. घातली तर तीन भाग ज्याने डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहिलं, तो मूर्ख ठरेल, आणि मी खोटी.

काकांना नमस्कार. घरच्यांचे नमस्कार मी या खेपेस पोचवत नाही.

तुझी संतापलेली
भाची

ता. क. सोमवारी सकाळी तू मोकळी आहेस का? कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण प्रत्येक मजल्यावर बाक आहे. (हो, मी गेले होते. दारापर्यंत. दारावर ते मुखपृष्ठ डकवलंय, ते पाहून परत फिरले.) तुला फार बोलावं लागणार नाही. सर्जन सिगारेट ओढत वॉर्डात शिरला की तू बघायचीस ना, तसं बघ. चहा घे, पण पुस्तक लिहायला सांगितलं तर मुळीच हो म्हणू नकोस.

आणखी एक ता. क. पत्र पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. आत गेलीस की दार उघडं ठेव. तू दिसशील अशा पायरीवर मी उभी असेन. काहीही झालं तरी तोंड फिरवणार नाही. नियम माझाच आहे.

शेवटचा ता. क. आणि ते तुला एक शब्द जरी वाकडा बोलले, तर मी तडक आत येईन. सासऱ्यांची छत्री आणतेय. (हे संपादकांना कधीही सांगू नकोस. मुखपृष्ठ बरोबर होतं असं त्यांना वाटेल.)