सराईघाटला पण
नेपरव्हिल, नोव्हेंबर २००५, रविवार संध्याकाळ

मन थाऱ्यावर नाही. दुपारी जेवताना माझा नवरा प्रशांत पाहुण्यांना सांगत होता, मुघलांना फक्त आपण मराठ्यांनीच अडवलं. शेजारची आसामी जोनाली हिंदीत हळूच म्हणाली, "आम्हीसुद्धा. सराईघाटला, ब्रह्मपुत्रेत." मुघल आसाम घ्यायला आलेले, आजारी सेनापती होडीत चढला आणि पळणारं सैन्य मागे फिरलं.  प्रशांतने मध्येच क्रिकेट काढलं.  मी त्याला थांबवलं नाही. का?

सगळे गेल्यावर विचारलं, "तिला बोलू का दिलं नाहीस?"

"अगं, ती आपली हिस्टरी आहे का?"

आपली! तो शब्द टोचतोच आहे. शेवटी जोनालीला फोन केला. "उद्या ये ना, लढाईचं पुढचं सांग."

 ती म्हणाली, "आत्ताच येऊ?"