नाचऱ्याच्या घरट्यावरचं ऊन

नाना,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी वयाने तुमच्याहून मोठी आहे. मनात आणलं तर तुम्हाला दोन शब्द सुनावूही शकते. पण तुमच्यासमोर उभं राहायचं नुसतं मनात आलं तरी हात पदराकडे जातो आणि बोलायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले आहे. परवा भोरच्या बाजारातून येताना नदीकाठी दोन तरुण दिसले. गळ्यात कोपरापर्यंतच्या हाताएवढं लांब भिंग लावलेला कॅमेरा. पलीकडच्या खडकावर खंड्या बसला होता, त्याचे एका दमात वीसेक फोटो तरी काढले असतील. मला बोलावून भिंगातून बघू दिलं. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, मग त्या भिंगाला हात लावू का म्हणून विचारलं असतंत, आणि घरी येऊन दिवसभर गप्प बसला असतात.

तुमचं भिंग मात्र सगळ्या संस्थानात एकच होतं, निदान तुमचं म्हणणं तसं. पुण्याचा कुणी साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्याकडून तुम्ही ते घेऊन आलात. लोक त्याला तोफ म्हणायचे. बाजारातल्या तुमच्या दुकानात माणसं फेटे बांधून ताठ बसायची, तुम्ही 'हलू नका' म्हणायचात, पण चित्त सगळं डोंगरात. पाखरू वीस-पंचवीस हातांवर असलं तरी तोफेतून ते कॅमेऱ्यामागच्या काचेवर मुठीएवढं दिसायचं. एकच खोट होती, ती तुम्हीच सांगायचात, "लांबचं भिंग उजेड फार खातं गं." म्हणून घरट्यावर आलेली फांदी सुतळीने मागे बांधायची, घरट्यावर ऊन पाडायचं, फोटो काढायचा आणि निघताना फांदी सोडून सावली परत द्यायची. फांदी कधी तोडायची नाही, हा तुमचा नियम. बांधायची तुम्ही, सोडायची मी.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. पोत्यांच्या लपणात तुम्ही बसायचात, पण तुम्हाला आत शिरताना पाखरू बघायचं आणि मग घरट्यावर येईना. म्हणून दोघांनी आत जायचं आणि मी एकटीने बाहेर पडून मोठमोठ्याने बोलत लांब जायचं, तुम्ही हाक मारलीत की परत यायचं. पाखराला मोजता येत नाही. माणूस गेलं असं समजून ते परत येतं. किती साधी फसवणूक! मला सासरहून परत येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांनी दुसरी केली होती. आई केव्हाच गेलेली, त्यामुळे तुमची चूल माझ्याकडे आली, पण चुलीपलीकडे घरातलं काहीच माझं नव्हतं. किल्ल्या तुमच्या धोतराच्या कडोसरीला, दुकान तुमचं, निर्णय तुमचे. तुम्ही मला डोंगरातल्या आंबवड्याला नेऊ लागलात ते दुसरं माणूस लागायचं म्हणून, हे मला कळत होतं. तरी मी आनंदाने यायची.

महायुद्धाआधीचा वैशाख. आंबवड्याच्या त्या शेतकरीण काकूंच्या बांधावर करवंदीच्या जाळीत नाचऱ्याचं घरटं होतं. वाटीएवढं, आणि त्यात तीन पिल्लं, अंगावर पीस नाही. नाचरा घरट्याबाहेर क्षणभर स्थिर बसत नाही, शेपटीचा पंखा उघडत-मिटत नाचत असतो, त्यामुळे तुमच्या त्या सावकाश कॅमेऱ्याला तो घरट्यावरच सापडणार. तुम्ही दोन वैशाख त्याच्या मागे होतात. त्या दिवशी मी लपणातून निघून काकूंच्या झोपडीपर्यंत गेले. ऊन अंगाला चावत होतं. मला वाटलं, नाना सकाळपासून पोत्यात उकडत असतील. काकूंनी ताक दिलं, ते घेऊन मी हाक येण्याआधीच परत आले. काकू माझ्यामागे. आणि नेमकं तेव्हाच पाखरू घरट्यावर बसलेलं. ते भुर्रकन उडालं. फोटो ज्यावर उमटायचा ती काच वाया गेली.

तुम्ही बाहेर आलात. कपाळावरून घाम निथळत होता. ताकाच्या लोट्याकडे तुम्ही पाहिलंदेखील नाहीत. म्हणालात, "एक काम धड येत नाही तुला. उगाच नाही त्यांनी परत धाडली." काकूंनी मान खाली घातली. नाना, तुम्ही रागीट नव्हतात, एरवी असं कधी बोलला नव्हतात, आणि बोललात ते विसरूनही गेलात. कारण तासाभराने पाखरू पुन्हा आलं, तुम्हाला फोटो मिळाला, आणि तुम्ही पोरासारखे हसत काचांची पेटी उराशी धरून गाडीकडे निघालात. 'फांदी सोड' असं सांगायची गरज नव्हती. रोजचंच होतं ते.

मी गाठीला हात घातला. ती फांदीच्या ताणाने आवळली होती, नखाने सुटेना. दातांनी सुटली असती. विळा काकूंच्या कमरेला होता, त्यांनी दिलाही असता. पण तुमचं ते वाक्य डोक्यात घण घालत होतं आणि मला वाटलं, मरू दे, सगळी कामं मीच का धड करायची? उद्या-परवा यायचंच आहे, तेव्हा सोडू. मी तशीच निघाले. गाडीत तुम्ही गाणं गुणगुणत होतात आणि मी तुमच्याकडे पाठ करून बसले होते.

आपण तिसऱ्या दिवशी गेलो. काकू बांधावरच भेटल्या.

"नाना, पिल्लं गेली वो," त्या म्हणाल्या. "काल दोपारी आईपाखरू पंख पसरून बसलं व्हतं त्यांच्यावर, चोच उगडी टाकून. लई धापत व्हतं. मला वाटलं सुतळी सोडावी, पर तुमी बजावलं व्हतं, आमच्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई. म्हनून म्या हात लावला न्हाई."

जाळीत ऊन थेट वाटीत पडलं होतं. तीन पिल्लं सुकून बुडाला चिकटली होती. तुम्ही सुतळीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "सोडली नव्हतीस?" आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस बोलला नसतात. एवढंच. पण माझ्या तोंडून निघालं, "तुम्हीच म्हणालात की, तू पुढे हो, मी सोडतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मीच मागे राहिले होते हे त्यांनी पाहिलेलं होतं. तुम्ही आठवायचा प्रयत्न करत होतात, आणि जे घडलंच नव्हतं ते तुम्हाला कुठून आठवणार? शेवटी म्हणालात, "म्हणालो असेन."

त्या दोन शब्दांनी तुम्हाला पोखरलं, नाना. मी रोज बघत होते. दुकानाला कुलूप लावून तुम्ही निम्म्या वाटेतून परत जाऊन ते ओढून बघायचात. कुठली काच वापरलेली, कुठली कोरी, याची खात्री वाटेना, म्हणून प्रत्येक पेटीवर खडूने खुणा. अंधाऱ्या खोलीत काच धुताना मला हाक, "अगं, हे औषध मी आत्ताच घातलं का?" घातलेलं असायचं. तुमची आठवण शाबूत होती, उडाला होता तो तुमचा तिच्यावरचा विश्वास. तोफ ट्रंकेत गेली ती परत निघाली नाही. नाचऱ्याची ती काच तुम्ही एकदा उजेडाला धरून पाहिलीत आणि कागदावर कधी छापली नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "ज्याला फांदी सोडायची आठवण राहत नाही त्याने पाखरांच्या दारात जाऊ नये." तेव्हा मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

काकू त्यानंतर एकदाच भोरच्या बाजारात भेटल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, नानांचं त्वांड पार उतरलंया. तुमी सांगा त्यास्नी. म्या सांगनार न्हाई, पर तुमी सांगा." मी हो म्हटलं. घरी आले तेव्हा तुम्ही पायरीवर माझी वाट बघत बसला होतात, गिऱ्हाईक उद्या बोलवू की परवा, एवढं विचारायला. मी म्हटलं परवा. तुम्ही मान डोलावलीत आणि मी स्वयंपाकघरात गेले.

दोन वर्षांनी तुम्ही तापाने अंथरूण धरलंत. वैद्य विचारत होते, काल काय खाल्लं, झोप लागली का. तुम्ही पूर्ण शुद्धीत होतात, तरी माझ्याकडे बोट केलंत. "हिला विचारा. माझ्या आठवणीचं काही खरं नाही. हिनेच सांभाळलं मला." वैद्यांनी माझं कौतुक केलं. तुम्ही काल काय खाल्लंत ते मी सांगितलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या रागाला भ्यायले म्हणून बोलले नाही. ते खरं नाही. तुम्ही रागावायचंच सोडून दिलं होतंत, भ्यायचं कशाला? त्या वैशाखानंतर तुम्ही प्रत्येक गोष्ट मला विचारून करू लागलात, किल्ल्या माझ्या कमरेला आल्या, दुकानात आलेल्या माणसाला तुम्ही "आधी हिला विचारा" म्हणायचात. मला परत धाडलेली म्हणणारं कुणी उरलं नाही. नाना, तुम्ही खचत होतात आणि मला ते दिवस आवडत होते.