दोन गुण आणि तिसरा मजला

४ मे
चि. भाऊ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मी आणि आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई सुखरूप पोहोचलो. सहा आठवडे याच अतिथिगृहात मुक्काम. राष्ट्रीय उद्यान दहा मिनिटांवर आहे. तळी एकाखाली एक, जिन्यासारखी. वरच्याचे पाणी धबधब्याने खालच्यात उतरते. सर्वांत वरच्या तळ्यापर्यंत तीनशे बारा पायऱ्या आहेत. रोज पंधरा वाढवत जाणार. तक्ता आखून भिंतीला लावला आहे. तू रागावशील, म्हणून आधीच सांगते: रागाव, पण मुद्देसूद.

लोभ असू द्यावा, काळजी आवरावी.
तुझी ताई

१३ मे
ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

तुझा तक्ता वाचून तुझी भावजय हसली, मला हसू आले नाही. डॉक्टरांनी गुडघे जपून चढायला सांगितले होते; त्यातले ‘जपून’ तू इथेच विसरून गेलीस.

तू नसताना एक काम उरकले आहे. तुझे घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. म्हणून तळमजल्यावरच्या आमच्या घरातली मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली. नकाशे आणि पृथ्वीगोल खाली आणला. वरच्या घराला भाडेकरूही पाहिला आहे. पाण्याने खडकही झिजतो, हे तूच वर्गात शिकवलेस; मग गुडघ्यांची काय कथा? आता हट्ट पुरे.

वडीलकीचा मान राखून, पण ठाम,
तुझा भाऊ

२५ मे
चि. भाऊ यास आशीर्वाद आहेतच. आज सोबत छडीही आहे.

सकाळी साडेअकराला मी तीनशे बारावी पायरी चढले. सात ठिकाणी टेकले, तेही जपून. बाई एकशे चाळिसाव्या पायरीवर चित्राच्या सबबीने बसून राहिल्या.

आता तुझा मुद्दा. पाण्याने खडक झिजतो, हे अर्धेच खरे. नीट लक्ष दे. या डोंगरात चुनखडी आहे. पाणी ती विरघळवून सोबत आणते. धबधब्यावर ते आपटते, फेसाळते, तेव्हा त्यातला वायू निसटतो आणि चुना शेवाळावर बसतो. शेवाळाचा दगड होतो, त्यावर नवे शेवाळ, पुन्हा दगड. वर्षाला जेमतेम सेंटिमीटर. हे बांध पाण्यानेच घातले, म्हणून त्यांच्यामागे तळी साठली. आणि बांध उंचावतो तो संथ पाण्यात नव्हे, भाऊ. पाणी जिथे सर्वांत जास्त आपटते, तिथे.

वर कठड्याला धरून उभी होते आणि तुझी सातवीची उत्तरपत्रिका आठवली. पाण्याच्या कार्याबद्दल तू लिहिले होतेस की पाणी दगड घडवतेही, कारण आपल्या न्हाणीघराच्या नळाला पांढरा दगड धरतो. सख्खा भाऊ वर्गात, कोणी पक्षपात म्हणू नये, म्हणून तुझी उत्तरपत्रिका मी सर्वांत कडक तपासायची. तांबड्या शाईने दोन गुण कापले, वर वर्गाला हसवले. चूक माझी होती. ते दोन गुण आज परत देत आहे.

घर मात्र देत नाही. भाडेकरूला नकार कळव. पृथ्वीगोल माझ्या खिडकीत परत ठेव. रंगवलेल्या खोलीत तू बस. विसावा तुलाच हवा आहे. आणि मला उतरवून घ्यायला चाकाची खुर्ची आणलीस, तर तीत तुलाच बसवून घरी आणीन.

लोभ वाढावा, बंदोबस्त नको.
तुझी ताई

३ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.

भाडेकरूला नाही म्हटले. पृथ्वीगोल मी स्वतः वर नेला. एकतिसाव्या पायरीवर बसावे लागले; तिथेच तुझे पत्र पुन्हा वाचले. तुझी भावजय खालून विचारत होती, की बांध उंचावतो आहे की खचला. दोन गुण पोहोचले. तीस वर्षे उशिरा, पण पोहोचले.

भिंतीवरचा तो तक्ता फेकू नकोस, येताना घेऊन ये. मला लागेल.

लोभ होताच, आता धाकही आहे.
तुझा भाऊ